तिसऱ्या खिडकीखालचा चुना

"पंधरा दिवस द्या मला. ही भिंत कशानं बांधली आहे, ते मी वजनासकट सांगते. नाही सांगितलं तर खुशाल सिमेंट थापा, मी हूं की चूं करणार नाही."

वाचनालयाच्या समितीसमोर एवढं बोलून तराजूबाई खाली बसल्या. बसल्यावर त्यांना जाणवलं की आपण हे वाक्य न मोजता बोललो. न मोजता काही करण्याची त्यांना अजिबात सवय नव्हती.

जुन्या इमारतींचे दगड, विटा आणि चुना तपासून त्यांची दुरुस्ती कशी करावी हे सांगणारी एक लहानशी प्रयोगशाळा त्या एकतीस वर्षं चालवत होत्या. तीन टेबलं, एक भट्टी, चाळण्यांची उतरंड आणि काचेच्या पेटीतला तराजू, एवढाच पसारा. त्या तराजूजवळ कुणी शिंकलं तर बाई त्या माणसाशी दोन दिवस बोलत नसत. नाव पडलं ते त्यावरूनच. घरीही तीच तऱ्हा. प्रयोगशाळेतून बाद झालेला जुना तराजू त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवला होता. मीठ, तिखट, डाळ, तांदूळ, नवऱ्याच्या थर्मासात जाणारा सकाळचा चहा, सगळं त्याच्यावरून जाई. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या घरात शिवीसारखा वर्ज्य होता.

तर वाचनालयाची पश्चिमेकडची भिंत. दीडशे वर्षांची, दगडी, उंच. दगडांच्या सांध्यांतला चुना भुसभुशीत होऊन गळायला लागला होता. अध्यक्षांकडे उपाय तयार होता: वरपासून खालपर्यंत सिमेंटचा गिलावा. अध्यक्षांना सिमेंटची इतकी ओढ, की स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही त्यांनी गुडघ्यापर्यंत सिमेंट चढवलं होतं. बाईंना ते मुळीच मान्य नव्हतं. अशा भिंतीतली ओल चुन्यावाटे बाहेर पडते. सिमेंटनं तोंड बंद केलं की ती आत कोंडते आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. हे त्यांनी तीन बैठकांत तीन तऱ्हांनी सांगितलं. अध्यक्षांनी तिन्ही वेळा मान डोलावली आणि तिन्ही वेळा सिमेंटच म्हटलं.

आणखी एक कारण होतं, ते बाईंनी समितीला सांगितलं नव्हतं. चौदा वर्षांच्या असताना ह्याच भिंतीला पाठ टेकून त्यांनी रसायनशास्त्राचं पहिलं पुस्तक वाचून संपवलं होतं. आता चार महिन्यांनी त्या निवृत्त व्हायच्या होत्या. जाता जाता तीच भिंत सिमेंटखाली गाडलेली बघायची, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या शिडी, छिन्नी आणि नमुन्यांच्या पिशव्या घेऊन भिंतीपाशी हजर झाल्या. सोबत मिस्त्री. मिस्त्रींची सगळी हयात चुन्याच्या कामात गेलेली. बोटांच्या भेगांत चुना इतका मुरलेला, की हात धुतला तरी पांढराच दिसे.

नमुना घेण्याचा बाईंचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. जिथे पाऊस लागत नाही, ऊन पोचत नाही आणि माणसाचा हात जात नाही, अशाच जागचा नमुना घ्यायचा. वरच्या मजल्यावर वाचनकक्षाच्या पाच खिडक्या होत्या. त्यांतल्या चार खिडक्यांचे दगडी उंबरे झिजून नाहीतर तुटून गेले होते. तिसऱ्या खिडकीचा तेवढा हातभर बाहेर आलेला, शाबूत. त्याच्या पोटाखाली कोरडी, सावलीची, कुणी हात न लावलेली जागा. बाईंचे डोळे लकाकले. तीनही नमुने त्यांनी तिथलेच घेतले.

मिस्त्री शिडी धरून वर बघत होते. म्हणाले, इथं मुंग्यांची रांग दिसतेय. बाई म्हणाल्या, मुंग्या काय, सगळीकडेच असतात. मिस्त्री म्हणाले, बाकीच्या खिडक्यांखाली नाहीत. पण तोवर बाई पिशवीवर तारीख आणि वेळ लिहायला लागल्या होत्या, आणि त्या लिहीत असताना त्यांच्या कानांचं कामकाज बंद असे.

प्रयोगशाळेत बाईंनी नमुना खलात हलकेच फोडला, तोलला, पातळ आम्लात सोडला. चुना फसफसून विरघळला आणि वाळू तळाशी बसली. इथपर्यंत नेहमीचंच. पण गाळून निघालेलं पाणी एरवी फिकट पिवळं असतं, ते ह्या वेळी तपकिरी निघालं. बाईंनी वहीत नोंद केली, 'रंग: फिक्या चहासारखा'. मग नमुन्याचा दुसरा तुकडा पाण्यात भिजवून त्यांनी पुढच्या चाचण्या लावल्या. साखरेच्या चाचणीत नळी विटकरी लाल झाली. दुधातल्या प्रथिनांच्या चाचणीत जांभळी झाली. झाडाच्या सालीत असतं त्या तुरट द्रव्याच्या चाचणीत काळीनिळी झाली.

बाई स्टुलावर बसल्या. एकतीस वर्षं त्यांनी चुना तपासला होता आणि एकतीस वर्षं त्यात चुनाच निघाला होता. आज पहिल्यांदा एक गुपित हाती लागलं होतं. त्या काळच्या कारागिरांनी चुन्यात दूध घातलं होतं, साखर घातली होती आणि कसल्याशा सालीचा काढा घातला होता! म्हणूनच भिंत दीडशे वर्षं टिकली. म्हणूनच हिच्यावर सिमेंट म्हणजे गुन्हा.

हा आनंद त्यांनी घरी सांगितला नाही. अहवालावर सही होईपर्यंत घरी ब्र काढायचा नाही, हाही त्यांचा नियम. नवरा पोस्टातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. तो रोज सकाळी चहाचा थर्मास घेऊन वाचनालयात जाई आणि जेवायला परत येई. त्या रात्री जेवताना त्यानं सहज विचारलं, आज फार खुशीत दिसतेस. बाई म्हणाल्या, आमटी वाढू का? विषय संपला.

आता गुपित नुसतं कागदावर सांगून अध्यक्ष ऐकणार नव्हते. तेव्हा बाईंनी ठरवलं की प्रयोगशाळेच्या अंगणात ह्याच मिश्रणाची कंबरभर भिंत बांधून दाखवायची. त्यांनी मिस्त्रींना प्रमाणं लिहून दिली. मिस्त्रींनी कागद लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला.

"बाई, चुन्याला चुना लागतो, वाळू लागते, थोडी विटेची पूड लागते," ते म्हणाले. "पाहुणचार लागत नाही."

बाईंनी त्यांना वही दाखवली. मिस्त्रींनी वहीला नमस्कार करावा तशी मान तुकवली आणि कामाला लागले. जन्मात प्रथमच त्यांनी दुधाची बादली थापीनं ढवळली.

पहिल्या दिवशी भिंत छान दिसली. दुसऱ्या दिवशी दोन मांजरं आली. तिसऱ्या दिवशी सात आली आणि भिंतीला आंबूस वास सुटला. चौथ्या दिवशी मुंग्यांनी एका बाजूचा पूर्ण ताबा घेतला. सांधे मात्र अजून लोण्यासारखे मऊ. बाई डगमगल्या नाहीत. त्यांनी साखर निम्म्यानं कमी करून दुसरी भिंत बांधायला लावली. ती पहिलीपेक्षा लवकर नासली. दूध कमी करून तिसरी बांधायला लावली. मिस्त्री आता नाकाला रुमाल बांधून येत, बांधून देत आणि मांजरांना वळसा घालून जात.

नवव्या दिवशी अध्यक्ष पाहणीला आले. त्यांनी तीनही भिंतींकडे डोळे भरून पाहिलं आणि मधल्या भिंतीच्या सांध्यात आपली काठी टोचून बघितली. काठी वीतभर आत गेली आणि तिथेच उभी राहिली.

"अजून वाळायचीय," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी काठी दोन्ही हातांनी ओढून काढली. वाचनालयाच्या भिंतीलाही हेच लावणार का, एवढंच त्यांनी विचारलं. जाताना म्हणाले, सिमेंटवाल्याला मी सोळाव्या दिवसाचं सांगून ठेवलंय. हे त्यांनी इतक्या गोडीनं सांगितलं की बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ते गेल्यावर बाई अंगणातल्या पायरीवर बसल्या. एकतीस वर्षांत कुणी त्यांना कामाच्या वेळी पायरीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. मिस्त्री घमेलं पालथं घालून शेजारी टेकले. म्हणाले, "बाई, एकदा बाकीच्या खिडक्यांखालचं घ्या. तिथं ऊन लागू दे, पाऊस लागू दे. माझ्यासाठी म्हणून घ्या."

नियम मोडायचा तर छातीवर दगड ठेवावा लागतो. बाईंनी ठेवला. दुसऱ्या दिवशी स्वतः शिडीवर चढून त्यांनी पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या खिडकीखालचा चुना काढला. तीन दिवस त्या आणि त्यांचा तराजू एकमेकांना चिकटून होते. चारही ठिकाणी निकाल एकच आला: एक भाग चुना, दोन भाग वाळू, थोडी विटेची पूड. दूध नाही, साखर नाही, काढा नाही. मिस्त्री म्हणाले होते अगदी तेच. बाईंनी त्याच दिवशी अंगणातल्या तीनही भिंती पाडायला लावल्या. मांजरांना तेवढं वाईट वाटलं.

पण मग तिसऱ्या खिडकीखाली काय होतं? सगळ्या भिंतीत साधा चुना आणि नेमक्या त्या चार हात जागेत दूध-साखर, असं कोण कशाला करेल? मिस्त्रींचं म्हणणं, अहवालात चार खिडक्या लिहा आणि तिसरीला विसरा. कुणाला कळणार आहे? बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मिस्त्रींनी तो शब्द गिळला. मोजलेलं लपवायचं नाही. अहवालात पाचही खिडक्या आल्या आणि तिसरीपुढे बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'कारण समजले नाही'. हे तीन शब्द लिहायला त्यांना अर्धा तास लागला.

पंधराव्या दिवशी सकाळी दहाला समिती भिंतीपाशीच जमली. अध्यक्ष, चार सदस्य, मिस्त्री आणि हातात अहवाल घेऊन बाई. अध्यक्षांनी अहवाल उभ्यानंच चाळला आणि बरोबर त्या तीन शब्दांवर बोट ठेवलं. चार ठिकाणी एक निघतं, पाचव्या ठिकाणी भलतंच निघतं, आणि का ते तपासणारीला ठाऊक नाही. अशा तपासणीवर आपण एवढी भिंत सोडायची का, असं त्यांनी सदस्यांना विचारलं. सदस्य आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

"मॅडम, ह्याचं कारण सांगा," अध्यक्ष म्हणाले. "सांगितलंत तर तुमचा चुना. नाहीतर उद्या सकाळी माझं सिमेंट."

"सांगते," बाई म्हणाल्या.

काय सांगणार ते त्यांना मुळीच ठाऊक नव्हतं. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भिंत बोलेपर्यंत इथून हलायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली. दहा वाजून आठ मिनिटं झाली. एक सदस्य हळूच घड्याळ बघू लागला.

दहा वाजून दहा मिनिटांनी वर तिसरी खिडकी किंचित उघडल्याचा आवाज आला. माणूस दिसला नाही. हातभर पुढे आलेल्या त्या उंबऱ्यानं खालून काहीच दिसत नव्हतं. मग उंबऱ्याच्या पोटाखालून, दगड आणि भिंत जिथे मिळतात त्या फटीतून, एक तपकिरी धार निघाली. ती अगदी सवयीनं एका दगडावरून दुसऱ्यावर आली आणि बाईंनी नमुने घेतले होते नेमक्या त्याच सांध्यांत शिरू लागली. मुंग्या तिच्या वाटेतून आधीच बाजूला झाल्या होत्या. त्यांना वेळ ठाऊक होती.

बाई भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी झरझर चढल्या, खिशातून नमुन्याची बाटली काढली आणि धारेखाली धरली. बाटली गरम लागली. त्यांनी वास घेतला. मग एकतीस वर्षांत जे कधीच केलं नव्हतं ते केलं: बोट बुडवून नमुना जिभेला लावला.

साखर आठ ग्रॅम. दूध चाळीस ग्रॅम. दालचिनी अर्धा ग्रॅम.

बाई शिडीवर थिजल्या. खाली समिती वर बघत होती. गप्प राहिलं तर अब्रू राहील आणि भिंत जाईल. बोललं तर भिंत राहील. मनातल्या मनात त्यांनी दोन्ही पारड्यांत टाकून पाहिलं. काटा हलायला वेळ लागला, पण हलला.

"हा माझा चहा आहे," बाई म्हणाल्या. "सकाळी साडेआठला मी स्वतः केलेला." आणि मग वर तोंड करून त्यांनी हाक मारली, "अहो!"

वरच्या खिडक्यांतून तीन डोकी एकदम बाहेर आली. वाचनकक्षात बसलेल्या प्रत्येक नवऱ्याला ती हाक आपलीच वाटली होती. पहिल्या आणि चौथ्या खिडकीतली डोकी ओळख न पटल्यामुळे सुटकेचा श्वास टाकून आत गेली. तिसऱ्या खिडकीतलं राहिलं. त्याच्या हातात थर्मासचं झाकण होतं, रिकामं.

"प्यायलो," नवरा म्हणाला.

त्यापुढची चौकशी अध्यक्षांनी स्वतः केली, खालून वर, मान मोडेपर्यंत. होय, रोज. होय, ह्याच खिडकीतून. उंबऱ्याच्या मुळाशी एक फट होती, चहा तिच्यात ओतला की कुठे जाई कळत नसे. फट कधी भरली नाही, म्हणून त्यालाही कधी शंका आली नाही. नऊ वर्षं. आणि मग अध्यक्षांनी तो प्रश्न विचारला, जो विचारू नये म्हणून बाई मनातल्या मनात जप करत होत्या.

"इतका वाईट असतो?"

"छे, वाईट नसतो," नवरा कळवळून म्हणाला. "सारखा असतो. नऊ वर्षांत अर्ध्या ग्रॅमचाही फरक नाही."

अध्यक्ष भिंतीकडे वळले. सांध्यांतून झिरपणाऱ्या त्या धारेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "सुट्ट्या वगळून किती कप झाले?"

"अंदाजे अडीच-पावणेतीन हजार," बाई म्हणाल्या. आपण कुठला शब्द वापरला, हे त्यांना बोलून गेल्यावर कळलं.

"एवढं पचवून जी उभी आहे, तिला सिमेंट लागत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथे अहवालावर चुन्यासाठी सही केली. सदस्यांनी चपलांवरून नजर उचलली. मिस्त्री पाठमोरे झाले. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

बाई घरी आल्या. भिंत वाचली होती. त्या आनंदानं त्यांना रडू येत होतं, आणि चहा आठवला की रडण्याचं कारण बदलत होतं. नवरा समोर खुर्चीत अंग चोरून बसला होता.

"आधी सांगायचं नाही का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवशी सांगणार होतो, राहून गेलं," तो म्हणाला. "मग वाटलं उद्या सांगू. आणि अगं, नऊ वर्षांनी एकदम कसं सांगायचं?"

त्याचं म्हणणं बाईंना पटलं नाही, पण समजलं. मात्र हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा न तोलता केला, डोळे घट्ट मिटून, हाताला येईल तेवढी साखर टाकून. थर्मासबरोबर त्यांनी नवऱ्याला एक बाटलीही दिली. तिच्यावर नीट अक्षरात चिठ्ठी होती: 'उरलेला'. जेवढा उरेल तेवढा ह्यात परत आण, भिंतीला थेंबही नको, त्या म्हणाल्या.

दुपारी बाटली परत आली. बाईंनी ती तराजूवर ठेवली. कोरडी ठणठणीत. दुसऱ्या दिवशीही कोरडी. तिसऱ्या दिवशीही. बाईंनी वहीत नवा रकाना आखला आणि रोज लिहू लागल्या, 'उरलेला: शून्य'. वाचनालयाच्या भिंतीला परांची लागली होती, मिस्त्री पाचही खिडक्यांखालचे सांधे जुन्या प्रमाणात भरत होते, आणि पाच आठवडे बाई चालताना जमिनीपासून चार बोटं वर होत्या. हाताचा अंदाज काही वाईट नसतो, असं त्या प्रयोगशाळेत ज्याला त्याला सांगायला लागल्या. ऐकणारे घाबरून तराजूकडे बघत.

काम संपलं त्या दिवशी बाई भिंत बघायला गेल्या. सांधे एकसारखे, भरदार, हळूहळू पांढरे होत चाललेले. त्यांनी नव्या चुन्यावर अलगद हात फिरवला आणि चौदा वर्षांच्या असताना टेकल्या होत्या तशी घटकाभर पाठ टेकली. मिस्त्री परांचीवरून अखेरचे उतरले. हात पुसत बाईंपाशी आले आणि जरा घुटमळले.

"बाई, एक सांगू? उद्यापासून मी दुसऱ्या कामावर जातो," ते म्हणाले. "तिसऱ्या खिडकीतल्या साहेबांचा चहा आता कोण पिणार, तेवढं बघा."